सह्याद्रीपासून सागरापर्यंत सायकलवरून
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला आणि मी ‘सायकलवरील देशाटन’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूचना या विषयांच्या पंक्तीत सायकलीला पाट कोठे मांडावयाचा, असा त्यांना प्रश्न पडला असावा. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. परंतु व्याख्यान संपेपर्यंत ते देण्याचा मी प्रयत्न करणार आहे, आणि त्यात आपल्या जमिनीचा प्रश्नही येणार आहे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो. म्हणजे मागच्या रांगेतील वडीलधारी मंडळी चहासाठी उठणार नाहीत.

या विषयाला निमित्त झाले ते आपल्या एका सभासदाच्या चिरंजीवाचे. तो नोकरीनिमित्त युरोपात असतो. गेल्या वर्षी रजा काढून त्याने फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतातून भूमध्य समुद्रापर्यंत सायकलवर प्रवास केला व वाटेवरून वडिलांना रोज वृत्तांत पाठविला. वडिलांनी तो मला वाचावयास दिला. द्राक्षाच्या मळ्यांतून जाणारे अरुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांची दाटीने वसलेली गावे, उत्तरेकडून सुटणारा मिस्त्राल नावाचा झोंबरा वारा, आणि शेवटी एका वळणावर अकस्मात दिसणारे निळे पाणी, असे ते वर्णन. त्याने व्हाँतू नावाचा पर्वतही सायकलवर चढला. त्याची उंची एकोणीसशे मीटरांहून थोडी अधिक असून माथा अगदी उघडाबोडका, पांढऱ्या खडीचा आहे. १३३६ साली पेत्रार्क हा इटालियन कवी त्या पर्वतावर पायी चढून गेला होता आणि त्याचे त्याने वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच पर्वताच्या चढणीवर १९६७ साली टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू शर्यत चालू असता कोसळला आणि मृत्यू पावला. हौसेला मर्यादा असावी लागते, हे त्या ठिकाणी दगडावर कोरल्यासारखे आहे.

वृत्तांत वाचून वडील मला म्हणाले, “गुरुजी, पोराने समुद्र गाठायला परदेश गाठला. आपल्या दारावरून जाणारा रस्ताही समुद्रालाच जातो, हे त्याला कधी कोणी सांगितलेच नाही.” हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. पौडच्या बाजारपेठेवरून जाणारा रस्ता मुळशीचा तलाव, ताम्हिणीचा घाट, माणगाव, म्हसळे असा करीत दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला मिळतो. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. डोंगर, पाणी, अरण्य आणि सागर यांपैकी त्या वाटेवर काही उणे नाही. द्राक्षे मात्र नाहीत. ती नाशिककडे आणि आपल्या जिल्ह्यात जुन्नर-नारायणगावाकडे. आपल्या मुळशीच्या पावसात द्राक्षवेल धरावयाची नाही. आपल्याकडे आंबेमोहोर पिकतो. भाद्रपद-आश्विनात तो भात फुलावर आला की खाचराच्या बांधावरून जाणाऱ्या माणसाला जो वास येतो, तो त्या चिरंजीवाला प्रोव्हान्समध्ये मिळाला असेल असे मला वाटत नाही.

पायी यात्रा आपल्याला परकी नाही. पंढरीची वारी हे आपले देशाटनच आहे. सायकलीच्या देशाटनाची कल्पना मात्र पश्चिमेकडे वाढली, आणि ती वाढविणाऱ्यांत एका गृहस्थाचे चरित्र मला फार आवडते. पॉल द व्हिव्ही हे त्यांचे नाव. जन्म १८५३, व्यवसाय रेशमाचा व्यापार, गाव सेंट एतियेन. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि पुढे व्यापार सोडून सायकलीच्याच पाठीमागे लागले. त्या काळी सायकलीला एकच गती असे. चढ आला की उतरून ढकलावी. चढावर हलकी आणि सपाटीवर जड अशा अनेक गती एकाच सायकलीला असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतः प्रयोग केले. शर्यतवाल्यांनी त्यांची टर उडविली. ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे प्रवर्तक देग्रांज यांचे मत असे की, असली सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावी. साठी उलटलेल्या माझ्यासारख्याला हे मत अपमानास्पद न वाटता सोयीचेच वाटते. परंतु १९०२ साली डोंगराळ मुलखात सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा एकगती सायकलीवरील नावाजलेल्या पुरुष स्वाराला तीनगती सायकलीवरील एका स्त्रीने मागे टाकले. तिचे नाव मार्था हेस. तरीही त्या शर्यतीत गिअरला प्रवेश मिळावयास १९३७ साल उजाडावे लागले.

या व्हेलोसियोंनी प्रवाशांसाठी काही नियम सांगितले होते. विश्रांती थोडी आणि थोडक्या वेळा घ्यावी. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. दमून भूक मरेल अशा थराला जाऊ नये. प्रवासात मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी. आणि केवळ मिरविण्यासाठी सायकल चालवू नये. द्राक्षांच्या देशातील मनुष्याने मद्य वर्ज्य सांगावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. दर वर्षी ईस्टरच्या सुमारास ते मंडळी जमवून प्रोव्हान्सकडे जात. आपल्याकडे चैत्राची पालवी फुटते तोच हा समय. १९३० साली ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला; त्या वेळीही सायकल हाताशीच होती. मनुष्याने एका वस्तूवर अशी निष्ठा ठेवावी, हे आजच्या चंचल काळात विरळाच.

आता कोणी म्हणेल, ही झाली परदेशची गोष्ट. तर आपल्या मुलखाकडे वळतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात जे दुकान घातले ते सायकलींचे होते. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सर्व त्यानंतरचे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक आणि सीरिया ओलांडून ते भूमध्य समुद्रापर्यंत गेले आणि तेथून पुढे युरोप-अमेरिकेस. सहांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर पुरे करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्या वेळी वाळवंटात रस्ता नव्हता, नकाशा धड नव्हता, आणि दुरुस्तीचे सामान स्वतःच्या पाठीवर. आणि अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे आपल्या पुण्याची कन्या वेदांगी कुलकर्णी. हिने २०१८ साली, वयाची विशी ओलांडण्यापूर्वी, एकोणतीस हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले. तरी ती मागे फिरली नाही. नाशिकचे महाजन बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या शर्यतीत दोघांच्या जोडीने यशस्वी झाले. नावे आणखीही आहेत. पण नामावळी वाचणे हे व्याख्यान नव्हे.

आणि पुणे! एके काळी हे सायकलींचे शहर म्हणून हिंदुस्थानभर ओळखले जाई. कारखान्यांच्या भोंग्याबरोबर रस्त्यावरून सायकलींचा लोंढा वाहत असे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस हवालदार हटकत, आणि सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. आपल्या ज्ञातीतील किती तरी मुले याच भागातून डोक्यावर टोपी आणि कॅरियरला डबा बांधून पुण्याला शिकावयास गेली. आज तोच रस्ता भूगाव-भुकूम-पिरंगुटपाशी मोटारींनी असा तुंबतो की सायकलस्वार पुढे आणि मोटारवाला मागे, असा देखावा सकाळ-संध्याकाळ पाहावयास मिळतो. हे पाहून मला आनंद होतो असे नाही. पण थोडेसे समाधान होते, हे खरे.

आता रस्त्याकडे वळू. पौड सोडले की घरे विरळ होतात. चाल्याच्या पुढे चढ सुरू होतो. हा चढ मोटारीतून जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. सायकलस्वाराच्या मात्र पोटऱ्या तो ओळखतात. मी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर आणि पुढे एकट्याने या वाटेने अनेकदा गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी मला असे आढळले की चढावर मनुष्य बोलावयाचे थांबतो व पाहावयास लागतो. रस्त्याकडेची करवंदाची जाळी, दूर डोंगराच्या सोंडेवर गुरांमागे चाललेली बाई, मोहरीतून खळाळत जाणारे पाणी, एखाद्या देवराईतील काळोख. हे सर्व पाहावयास ताशी दहा-बारा किलोमीटरचा वेग पुरेसा आहे. याहून अधिक वेग म्हणजे केवळ पोहोचणे. सह्याद्रीतील या देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला आणि आपल्या आज्या-पणज्यांनी देवाच्या भयाने जे राखले त्याचे मोल जगाला सांगितले.

माल्याच्या पुढे तलाव दिसू लागतो. येथे मात्र मला थांबावे लागेल, कारण या पाण्यापाशी सायकल थांबविल्यावाचून पुढे जाणारा मनुष्य मुळशीचा नव्हे, असे माझे मत आहे.

टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधून मुंबईसाठी वीज करण्याचे योजिले, तेव्हा या खोऱ्यातील पन्नासच्या वर गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पुढारीपण पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले, आणि लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यापासून. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. बायाबापड्यांनी कामावर जाऊन बसावे, मार खावा, तुरुंगात जावे असे प्रकार झाले. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते होते. बापटांना पुढे सात वर्षांची शिक्षा झाली. १९२४ च्या सुमारास लढा मोडला, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला (२००९), त्याच्या नावातच या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. पुण्यात सेनापती बापटांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. त्यावरून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना मुळशीचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न मी विचारीत नाही. आपल्या ज्ञातीच्या मुलांपैकी कितीजणांना ते ठाऊक आहे, एवढेच विचारतो.

या लढ्यातील एक गोष्ट आपण विसरून चालणार नाही. जमीन ज्यांच्या नावे होती असे काही सावकार पुण्यात राहत. त्यांना मोबदल्याची रक्कम पुरेशी होती. जमीन जे कसत होते, त्यांना रक्कम नको होती, खाचर हवे होते. फूट पडली ती येथे. जो दूर राहतो त्याला जमीन म्हणजे रक्कम, आणि जो तिच्यावर राहतो त्याला जमीन म्हणजे घर. आज आपणांपैकी किती कुटुंबे पुण्यात, कोथरूडला किंवा बावधनला राहतात आणि सातबारा मात्र येथला आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा. मी नावे घेत नाही.

तलावाच्या काठाकाठाने रस्ता बराच वेळ चालतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. हे पाणी जाते कोठे, हे मी मुलांना नेहमी विचारीत असे. मुळा नदी स्वभावतः पूर्वेकडे जाते; पुण्यास मुठेला मिळते, पुढे भीमा, कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण धरणाने अडविलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे, पाचशे मीटरच्या सुमारास खाली, भिऱ्यास उतरविले जाते. तेथे चक्रे फिरवून ते कुंडलिका नदीत पडते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. कोलाडला तरुण मंडळी हवेच्या नावांतून ज्या पाण्यावर स्वार होतात, ते हेच पाणी. सायकलस्वार मुळशीहून घाट उतरून कोकणात जातो तेव्हा तो या पाण्याच्या सोबतीने जात असतो. फरक इतकाच की पाणी अंधारातून जाते आणि आपण उजेडातून. भूगोलाच्या पुस्तकातील ‘जलविभाजक’ हा शब्द मी मुलांना फळ्यावर शिकवीत असे तेव्हा ती जांभया देत. तलावाकाठी शिकविला तेव्हा तीच मुले प्रश्न विचारू लागली.

ताम्हिणी गावात विंझाई देवीचे देऊळ आहे. तेथे पाणी पिऊन, ब्रेक तपासून पुढे निघावे. डोंगरवाडीनंतर घाट. येथला पाऊस महाराष्ट्रात अत्यंत मोठ्या पावसांपैकी. आषाढ-श्रावणात धबधबे पाहावयास एवढी गर्दी लोटते की घाट म्हणजे जत्रा होते. दर वर्षी अपघात होतात आणि तरुण जीव जातात. म्हणून माझे स्पष्ट सांगणे आहे: पावसाळ्यात सायकलवर या घाटात उतरू नये. दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात, हवा कोरडी आणि थंड असते, दरी स्वच्छ दिसते, तेव्हा जावे. २०१३ साली या भागात वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आहे. शेकरू ही आपल्या राज्याची मोठी खार येथे उंच झाडांवरून उड्या मारताना दिसते. मोटारीच्या आवाजाने ती दडते, सायकलीच्या नाही. उतारावर दोन्ही ब्रेक आलटूनपालटून दाबावेत, सतत दाबून धरू नयेत. रिम तापून ट्यूब फुटते. वळणावर पायडल मारू नये. आणि पुढच्याच्या मागे किमान दहा हात अंतर ठेवावे. हे सर्व मुलांना कंटाळवाणे वाटते, म्हणूनच ते दोनदा सांगावे.

घाट उतरल्यावर हवाच बदलते. एक रस्ता पाटणूस-भिऱ्याकडे जातो, आपण विळे, निजामपूर करीत माणगावी यावे. येथे पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून दिवेआगर. हा रस्ता चढउतारांचा आहे आणि ऊन लागते. पण बोर्ली पंचतन मागे पडले की नारळीपोफळीच्या वाड्या सुरू होतात आणि वाऱ्याला खारट वास येतो. तिसऱ्या दिवशी शेखाडी, आरावी करीत किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन. उजव्या हाताला समुद्र इतका जवळ की भरतीच्या लाटेचे तुषार रस्त्यावर येतात. त्या चिरंजीवाने भूमध्य समुद्राचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मला पदोपदी हाच रस्ता आठवत होता. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे मूळ गाव. तेथून वीसेक किलोमीटरवर हरिहरेश्वर.

आता दिवेआगरविषयी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तेथे आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात तेथे एका वाडीत जमिनीखाली सुवर्णगणेश सापडला आणि हे आडवाटेचे गाव प्रसिद्धीस आले. लोक दर्शनाला येऊ लागले. गावकऱ्यांनी काय केले? वाड्या विकल्या नाहीत. आपापल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि घरचेच जेवण वाढले. २०१२ साली सुवर्णगणेशाची चोरी झाली, दोन माणसांचे प्राण गेले. गावावर मोठाच आघात. पुढे २०२१ साली मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. मध्यंतरी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यावयास पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे नुकसान एका हंगामाचे नव्हे. त्याच वर्षी साथीमुळे पाहुणाही बंद. दोन्ही आधार एकाच वेळी तुटले. तरीही साथ ओसरताच घरे पुन्हा उघडली, वाड्यांत नवी रोपे लागली. जमीन हाती होती म्हणून हे झाले. जमीन विकली असती, तर रोप लावावयाचे कोठे?

इटलीच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावे आहेत. समुद्राला लागून उभे डोंगर, आणि त्यांवर शेकडो वर्षे दगडावर दगड रचून, चुन्यावाचून, ताली घालून द्राक्षे लावलेली. आपल्या भाताच्या खाचरांचे बांध जसे, तसेच, पण अधिक उभे. १९९७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. पण तरुण माणसे शहरात गेली, ताली पडू लागल्या, आणि पडलेली ताल कोणी उचलली नाही. २०११ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली तेव्हा डोंगरउतार गावांवर आले; दोन गावांची दुर्दशा झाली. सोडून दिलेल्या शेतीचा उतार पाण्याला आवरीत नाही, हे तेथल्या जाणत्यांनी तेव्हा सांगितले. तिकडेच, तस्कनी प्रांतात, पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली काही मंडळींनी जुन्या सायकलींची एक यात्रा काढली. पहिल्या वर्षी शंभराच्या आत माणसे होती. आज जगभरातून हजारो येतात. द्राक्षमळ्यांतून जाणारे ते मातीचे रस्ते आता राखले जातात, कारण त्या रस्त्यांवरून येणारा मनुष्य गावात जेवतो, राहतो आणि पैसे खर्च करतो. हे सायकलस्वाराचे वैशिष्ट्य आहे. मोटारवाला पुण्याहून डबा घेऊन येतो, तलावाकाठी खातो, कागद आणि बाटल्या टाकून परत जातो. सायकलस्वाराला भूक लागते, तहान लागते, पंक्चर होते. त्याला माणसाच्या दारात यावेच लागते.

आपल्या खोऱ्यात काय चालले आहे, हे मी सांगावयास नको. एक-एक खाचर प्लॉट होते. तारेचे कुंपण पडते, फाटकावर बंगल्याचे नाव लागते, वर्षातून चार दिवस दिवे लागतात. विकणाऱ्याच्या हाती रक्कम येते. तिची मोटार होते, लग्न होते, आणि दहा वर्षांनी त्याच बंगल्याच्या बागेत त्याचाच मुलगा माळीकाम करतो. हे चित्र मी रंगवून सांगत नाही; आपणांपैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर ते आहे. विकू नका, असे नुसते सांगून कोणी ऐकत नाही, आणि ऐकावे तरी का? मुलीचे शिक्षण असते, आजारपण असते. जमिनीतून काही मिळाले तरच जमीन राहते. शेताच्या कडेला दोन स्वच्छ खोल्या, एक न्हाणीघर, चुलीवरची भाकरी, घरच्या आंबेमोहोराचा भात, आणि अंगणात हवा भरावयाचा पंप, एवढे ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे हिवाळ्याच्या प्रत्येक रविवारी पाहुणा येईल. पुण्याहून या रस्त्याने शनिवार-रविवारी सायकलीवर किती तरुण जातात, ते सकाळी सहाला फाट्यावर उभे राहून मोजावेत. ते सर्व आपल्या दारावरून पुढे जातात आणि हॉटेलात चहा पितात.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी दोन गोष्टी मांडतो. एक, मुळशी-ताम्हिणी रस्त्यावर ज्या सभासदांची घरे आणि जमिनी आहेत, त्यांपैकी जे तयार असतील त्यांना असे एक न्हाणीघर व खोली नीट करण्यापुरते कर्ज संस्थेच्या निधीतून, बिनव्याजी, परतफेडीच्या हमीवर द्यावे. ज्याने कर्ज घेतले त्याने परतफेड होईपर्यंत ती जमीन विकू नये, एवढी अट घालावी. निधी हा शिक्षणासाठी आहे, असा आक्षेप येईल. त्यावर माझे म्हणणे इतकेच की, बापाची जमीन गेल्यावर मुलाला शिष्यवृत्ती देण्यापेक्षा ती राखण्यास हात देणे स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट, संस्थेने दर वर्षी नाताळच्या सुटीत दहावी-अकरावीच्या मुलामुलींची पौड ते हरिहरेश्वर अशी चार दिवसांची सायकलयात्रा काढावी. मुलींची, हे मी मुद्दाम म्हणतो. गेल्या बैठकीत यावर कुजबुज झाली, ती माझ्या कानी आली. घाट, परगावी मुक्काम, लोक काय म्हणतील. घाट मुलग्यांनाही तितकाच खोल आहे. मुक्काम आपल्याच माहितीतल्या घरी आहेत आणि बरोबर दोन शिक्षिका राहतील. लोकांचे म्हणाल तर, याच मुली रोज पाच-सहा किलोमीटर सायकल मारीत शाळेला येतात, त्यात शेतातली पायवाट आहे, ओढा आहे. तेव्हा लोक काही म्हणत नाहीत, कारण दुसरा उपाय नसतो. गरजेला जे चालते ते ज्ञानाला आणि आनंदाला का चालू नये, हे मला कोणी पटवून द्यावे. मी शब्द मागे घेईन.

महागड्या सायकलींची आवश्यकता नाही. घरात जी आहे ती चालेल. मात्र चेन, ब्रेक आणि टायर यांची तपासणी मिस्त्रीकडून आधी करून घ्यावी, सीट अशी उंचवावी की पायडल खाली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, आणि कॅरियरला पिशवी दोन्ही बाजूंनी सारखी बांधावी. प्रत्येक चौघांत मिळून एक पंप, पंक्चरचे सोल्यूशन व ठिगळे, दोन पाने, एक जादा ट्यूब. डोक्याला हेल्मेट, याला अपवाद नाही. मागे एक टेम्पो राहील. दमलेल्या मुलाने त्यात बसावे, त्याची चेष्टा होणार नाही याची जबाबदारी माझी. परतीला मुले एसटीने आणि सायकली टेम्पोने येतील. पहिला थांबा तलावाकाठी एक तास. तेथे सत्याग्रहाची हकिकत सांगितली जाईल, आणि ज्यांच्या घरात त्या वेळच्या आठवणी ऐकून ठेवलेली वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्या दिवशी तेथे यावे, अशी माझी विनंती आहे. दोन घरांतून मला होकार मिळाला आहे.

यंदा वीस मुलांची व्यवस्था होऊ शकेल. नावे दिवाळीपूर्वी चिटणीसांकडे द्यावीत, पालकाच्या सहीसह. सहा नावे आजच आली आहेत. त्यांत चार मुली आहेत.